कादंबरीच्या शेजारी शेतीचे पुस्तक

छोट्या, स्वतंत्र प्रकाशनसंस्थांच्या कामाविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. त्यांतील काहींना येथे उत्तरे देत आहोत.

आम्ही दोघांनी मिळून प्रकाशन सुरू केले आहे. एक कादंबरी, एक कवितासंग्रह, तालुक्याचा इतिहास आणि द्राक्षबागेच्या छाटणीवरचे पुस्तक अशी चार हस्तलिखिते हाती आहेत. प्रत्येकाच्या हजार प्रती छापाव्यात का? एकाच प्रकारची पुस्तके काढा, नाहीतर ओळख होत नाही, असेही काही जण सांगतात.
*– नवे प्रकाशक, सांगली*

विषय वेगवेगळे आहेत म्हणून मुळीच बिचकू नका. छोट्या संस्थेला तेच तारते, कारण या चार पुस्तकांचे पैसे वेगवेगळ्या वेळी परत येतात. कादंबरीचा जोर पहिल्या काही महिन्यांत असतो. परीक्षणे, प्रदर्शने, दिवाळी संपली की वेग उतरतो. छाटणीचे पुस्तक सावकाश खपते, पण दर हंगामात खपते. तालुक्याचा इतिहास तालुक्याबाहेर फारसा जात नाही. तालुक्यातल्या शाळा, ग्रंथालये आणि बाहेरगावी गेलेली कुटुंबे मात्र तो वर्षानुवर्षे मागत राहतात. कवितासंग्रह दुकानापेक्षा कार्यक्रमात, कवीच्या हातून जास्त जातो.

म्हणून सरसकट हजाराचा आकडा नको. कवितेच्या २०० ते ३०० प्रती पुरेत, आणि त्या डिजिटल छपाईवर काढा. कादंबरी आणि इतिहास यांच्या ५००-५०० प्रती ऑफसेटवर. हजाराचे धाडस करायचेच असेल, तर ते छाटणीच्या पुस्तकासाठी करा. डिजिटलमध्ये प्रती कितीही काढल्या तरी प्रतीमागचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. ऑफसेटमध्ये प्लेट आणि मशिन लावण्याचा खर्च आधी होतो आणि तो सगळ्या प्रतींवर वाटला जातो. दोन्हींचा खर्च बहुधा दोनशे-तीनशे प्रतींच्या आसपास सारखा होतो. मुद्रकाकडून २००, ३०० आणि ५०० अशा तीन आकड्यांचे दर एकदमच मागा, म्हणजे कुठे फरक पडतो ते दिसेल.

आता कागद. डेमी आकाराच्या (साधारण साडेपाच × साडेआठ इंच) पुस्तकासाठी २३ × ३६ इंची ताव वापरतात. दोन्ही बाजू धरून एका तावात ३२ पृष्ठे बसतात, म्हणजे १६ पृष्ठांचे दोन फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले जुडगे). हजार प्रतींसाठी एका फर्म्याला ५०० ताव, अर्थात एक रीम लागते. १९२ पृष्ठांचे पुस्तक बारा फर्म्यांचे, म्हणून बारा रीम, अधिक पाचेक टक्के नासाडी. ७० जीएसएमची (चौरस मीटरला ७० ग्रॅम) अशी रीम साधारण १८.७ किलो भरते. म्हणजे हजार प्रतींचा गठ्ठा सव्वादोनशे किलोंच्या घरात जातो. तो पावसाळ्यात कुठे ठेवणार, याचा विचार छपाईआधीच करा. जमिनीला किंवा भिंतीला टेकवलेले गठ्ठे ओल धरतात आणि पानांना लाटा पडतात.

नव्या प्रकाशकाचे हमखास चुकते ते पृष्ठसंख्येत. मजकूर १९२ पृष्ठांत बसला म्हणून आनंद होतो आणि मग अर्धशीर्षक, शीर्षकपृष्ठ, श्रेयनामावली, अर्पणपत्रिका, मनोगत, अनुक्रमणिका यांची आठवण होते. पुस्तक २०० वर जाते, म्हणजे साडेबारा फर्मे. अर्ध्या फर्म्यासाठी वेगळी जुळणी, मशिनचा वेगळा फेरा, बांधणीत वेगळा तुकडा. मांडणीच्या पहिल्याच दिवशी सुरुवातीची आठ पृष्ठे बाजूला काढून मोजणी करा. अक्षर अर्ध्या पॉइंटने कमी करून किंवा प्रकरणे नव्या पृष्ठावर न घेता ती आठ पृष्ठे सहज वाचवता येतात. ओळींमधली जागा मात्र आवळू नका. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार-ऋकार असलेल्या देवनागरीला ती जागा लागतेच.

मुद्रकाला आणखी एक गोष्ट बजावून सांगा: कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, पुस्तकाच्या कण्याला समांतर हवा. तो आडवा गेला की पुस्तक नीट उघडत नाही, वाचक ते दाबून उघडतो आणि डिंकबांधणीचा कणा तडकतो. कादंबरीला डिंकबांधणी चालते. छाटणीचे पुस्तक मात्र बागेत, पडवीत, ट्रॅक्टरवर उघडे पडणार, म्हणून त्याला फर्म्यांची दोरा-शिलाई घ्याच. खर्च वाढेल, पण पाने सुटलेले पुस्तक शेतकरी दुसऱ्या शेतकऱ्याला दाखवत नाही.

किमतीचा हिशेब असा. समजा, प्रतीमागे निर्मितीखर्च ९० रुपये आहे. किंमत २०० ठेवली आणि वितरकाला ४५ टक्के दिले, तर हाती ११० येतात. दहा टक्के मानधनाचे २० गेले की ९० उरतात, म्हणजे शिल्लक शून्य. किंमत ३०० ठेवली तर १६५ येतात. मानधनाचे ३० आणि निर्मितीचे ९० वजा करून ४५ राहतात. संपादन, भेटप्रती, टपाल आणि गोदाम हे सगळे त्यातच. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर आणि छपाईवर भरलेला कर तुम्हाला परत मिळत नाही. तो निर्मितीखर्चात धरा. प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करायची असेल, तर पृष्ठसंख्या पक्की झाल्यावरच. आधी जाहीर केलेली किंमत नंतर वाढवता येत नाही आणि पुस्तक दोन फर्म्यांनी फुगले की प्रत्येक नोंदणीवर तोटा होतो.

आणि वेळ. द्राक्षाची फळछाटणी ऑक्टोबरच्या आसपास, खरड छाटणी एप्रिलमध्ये. पुस्तक ऑगस्टअखेर दुकानात हवे. ऑगस्टनंतर छापखाने दिवाळी अंकांत अडकतात, तेव्हा फाइल जुलैच्या मध्याला छापखान्यात गेली पाहिजे. ती तारीख हुकली, तर घाई न करता मार्चचे लक्ष्य धरा.

माझ्या पहिल्या कादंबरीसाठी प्रकाशकांनी एक पानी करार पाठवला आहे. त्यात “सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील” एवढेच आहे. सही करावी का?
*– लेखिका, रत्नागिरी*

या स्वरूपात करू नका. प्रकाशकाचा हेतू वाईट असेलच असे नाही. असे मसुदे पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होत आलेले असतात. दुरुस्ती सुचवा, चांगला प्रकाशक ती मान्य करतो.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ तुमच्या बाजूचे आहे. हक्कांचे हस्तांतरण लेखीच हवे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही, तर त्या हक्काचे हस्तांतरण संपुष्टात येते; अर्थात करारात वेगळे काही लिहिले नसेल तरच. म्हणून “कायमस्वरूपी”, “जगभर” आणि “न वापरल्यासही” हे शब्द कुठे दडले आहेत का, ते शोधा.

हक्क एकेक करून लिहायला लावा. मराठी छापील आवृत्ती प्रकाशकाकडे. ई-पुस्तक आणि श्राव्य पुस्तक ते खरोखर काढणार असतील तरच त्यांच्याकडे, नाहीतर तुमच्याकडे. अनुवाद, नाटक, चित्रपट, मालिका तुमच्याकडे. मानधन छापील किमतीवर की प्रत्यक्ष वसुलीवर, हेही स्पष्ट हवे. दोन्हीकडे “दहा टक्के” लिहिलेले असते आणि रक्कम जवळपास निम्म्याने बदलते. आवृत्ती किती प्रतींची, हिशेब वर्षातून कोणत्या महिन्यात, भेटप्रती किती, हे आकड्यांत लिहा. पुस्तक बाजारात मिळेनासे झाल्यावर तुम्ही लेखी कळवून सहा महिन्यांत पुनर्मुद्रण झाले नाही, तर हक्क तुमच्याकडे परत येतील, असे एक वाक्य आवर्जून घाला. संपलेल्या आणि अडकून पडलेल्या किती चांगल्या मराठी कादंबऱ्या त्या एका वाक्याने वाचल्या असत्या!

कन्नडमधील एका दिवंगत लेखकाची कादंबरी मराठीत आणायची आहे. अनुवाद निम्मा झाला आहे. परवानगी कोणाची?
*– अनुवादक, बेळगाव*

अनुवाद अर्धा होण्याआधी परवानगी घ्यायला हवी होती. आता पुढचे काम थांबवून आधी तेवढे करा.

लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे हक्क टिकतो आणि ही वर्षे निधनानंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. १९६५ साली निधन झालेल्या लेखकाचे, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लिखाण १ जानेवारी २०२६ पासून मुक्त झाले. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य २०११ पासून कोणीही छापू शकतो. मात्र लिखाण मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झाले असेल, तर ६० वर्षे त्या प्रकाशनापासून मोजली जातात. अनेक जण इथेच चुकतात.

मुदत संपली नसेल, तर मूळ पुस्तकाच्या श्रेयनामावलीत “©” पुढे कोणाचे नाव आहे ते पाहा आणि त्या प्रकाशकाला पत्र पाठवून अनुवादाचे हक्क कोणाकडे आहेत ते विचारा. बहुतेकदा ते वारसांकडे असतात. वारस एकाहून अधिक असतील, तर सर्वांच्या सह्या हव्यात किंवा एकाच्या नावे अधिकारपत्र हवे. परवानगीपत्रात भाषा, छापील की ई-आवृत्ती, प्रतींची संख्या, मुदत आणि मोबदला यांचा उल्लेख हवा.

मूळ भाषा येत नाही म्हणून इंग्रजी किंवा हिंदी अनुवादावरून मराठी करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे: त्या मधल्या अनुवादावर त्या अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. मूळ पुस्तक मुक्त झाले असले तरी त्या अनुवादकाची परवानगी लागते. हाच नियम तुमच्याही कामाला लागू आहे; तुमचा मराठी मजकूर तुमचा आहे, तसे करारात लिहून घ्या आणि नाव मुखपृष्ठावर मागा.

गावाच्या इतिहासाचे पुस्तक तयार आहे. जुनी छायाचित्रे, पत्रे आणि नकाशे घालायचे आहेत. काय काळजी घ्यावी?
*– निवृत्त शिक्षक, नाशिक जिल्हा*

छायाचित्राची प्रत घरात आहे म्हणून ते छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. छायाचित्रकार किंवा त्याचे वारस यांची लेखी परवानगी घ्या. पत्रांचे तर अनेकांना माहीतच नसते: कागद ज्याला आला त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा.

चित्रे छापील आकाराला ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा. वर्तमानपत्रातून घेतलेल्या चित्रातले ठिपके छपाईत जाळी होऊन उमटतात, म्हणून शक्यतो मूळ प्रत शोधा. चित्रे थोडी असतील तर आर्ट पेपरवर आठ पृष्ठांचा वेगळा तुकडा मध्ये घालणे स्वस्त पडते. गावाचा नकाशा तुम्ही स्वतः काढलात तरी चालेल. भारताचा नकाशा मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सीमांशी तंतोतंत जुळला पाहिजे. चुकीच्या सीमा छापल्यास १९६१च्या कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

शेवटी व्यक्तिनामांची आणि स्थळांची सूची द्या. ती नसेल तर अभ्यासकाला तुमच्या मेहनतीचा निम्मा उपयोग होत नाही. पृष्ठांक पक्के झाल्यावरच ती करा, कारण नंतर एक परिच्छेद सरकला तरी पुढचे आकडे चुकतात. संगणकाने लावलेला क्रम तपासा: तो “क्षेमकल्याणी” “क” मध्ये आणि “ज्ञानेश्वर” “ज” मध्ये घालतो, तर मराठी वाचक ही नावे शेवटी शोधतो.

जुन्या फाँटमधली फाइल युनिकोड केली, पण अक्षरे बिघडली. उपाय?
*– डीटीपी चालक, कोल्हापूर*

रूपांतरक “तऱ्हा”, “दऱ्या”, “र्य” आणि रफार यांवर अडखळतात, पहिल्या वेलांटीची जागाही सरकते. “ऱ्य”, “ऱ्ह”, “द्य”, “द्ध”, “ज्ञ” यांचा एकेक शोध घेऊन दुरुस्ती करा आणि मग पूर्ण मुद्रितशोधन. जुन्या प्रुफावर विसंबू नका. इनडिझाइन या पृष्ठमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडला नाही, तर जोडाक्षरे तुटतात. मजकुराची भाषा मराठी ठेवा. काही फाँटमध्ये मराठी वळणाचे “ल” आणि “श” तेव्हाच येतात.

आयएसबीएनसाठी (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकासाठी) किती पैसे लागतात? प्रती कुठे पाठवाव्या लागतात?
*– स्वयंप्रकाशक, फोंडा*

पैसे लागत नाहीत. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करा. क्रमांक विनामूल्य मिळतो. साधी बांधणी, पुठ्ठाबांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक. जशाच्या तशा पुनर्मुद्रणाला नवा नको, मजकूर बदललेल्या आवृत्तीला हवा.

१९५४च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत चार ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवायची असते: कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईच्या टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. दंड ५० रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत एवढाच आहे, म्हणून पुष्कळ जण टाळतात. तसे करू नका. दोनशे प्रतींचा कोकणी गावावरचा ग्रंथ तीस वर्षांनी जिथे सापडेल, अशा जागा या चारच असू शकतात. पोचपावती जपून ठेवा.