शाळेत ग्रंथपाल नसला तर मुलांच्या अभ्यासात खरंच काही फरक पडतो का?

पडतो. माझी सगळी नोकरी माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात गेली, त्यामुळे माझ्याकडून तटस्थ उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या शाळेत ग्रंथालयाची खोली आहे, कपाटं भरलेली आहेत, चार्ज एका शिक्षकांकडे आहे, आणि ‘आता सगळं मोबाईलवर मिळतं, वेगळा माणूस कशाला’ असं शाळा म्हणते. ‘वेगळा माणूस कशाला’ हे मी मोबाईल यायच्या आधीपासून ऐकत आलेय.

आमची शाळा माणदेशातली. नववीत एक मुलगा होता, मेंढपाळाच्या घरचा. दिवाळी झाली की घरचे मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, हा आजीजवळ राहून शाळा करायचा. वाचन अडखळत. मराठीच्या तासाला धडा वाचायला उभं केलं की वर्ग हसायचा. वाचनाच्या तासिकेला तो कपाटासमोर उभा राहायचा आणि कशालाही हात न लावता जागेवर जाऊन बसायचा. एकदा मीच जवळ जाऊन विचारलं, काय हवंय? तर म्हणाला, “मॅडम, मेंढरांचं काय हाय का?” पाऊस सुरू झाला होता, कळप गावी परतला होता आणि चांगली धडधाकट कोकरं रातोरात मरत होती.

ग्रंथालयात पुस्तकं विषयवार क्रमांकांनी लावतात; त्या ड्युईच्या वर्गीकरणात ६३६ म्हणजे पशुपालन, ६३६.३ मध्ये शेळ्या-मेंढ्या. तिथं एक पातळशी पुस्तिका होती. दाखल मीच केली होती, देवघेवीत एकदाही गेलेली नव्हती. त्यात आंत्रविषाराचं प्रकरण होतं. पहिल्या पावसानंतर कोवळा चारा फुटतो, जनावर तो अधाशासारखं खातं, आतड्यातले जंतू एकदम वाढतात, त्यांचं विष अंगात भिनतं. सगळ्यात जोमदार कोकरू आधी जातं. लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यायची असते. ही दोन पानं त्यानं माझ्या टेबलाशी बसून, ओळीखाली बोट धरून वाचली. अडला की ओळीच्या सुरुवातीला जायचा, पुन्हा वाचायचा. तास संपल्याची घंटा झाली तरी उठला नाही.

“घरी नेऊ का? दादांना वाचून दाखवतो.” पुस्तिकेवर ‘संदर्भ’चा शिक्का होता, म्हणजे बाहेर द्यायची नाही. मी दिली. ती परत आली पावसात भिजून, पानं फुगलेली, मागचं कव्हर गेलेलं. वार्षिक तपासणीत ती आमच्या पर्यवेक्षकांच्या हाती लागली. मुलाकडून भरपाई घ्या, नाहीतर तुमच्या पगारातून कापू, म्हणाले. आणि भर स्टाफरूममध्ये ऐकवलं, “बाई, तुमचं काम पुस्तकं सांभाळायचं आहे, वाटायचं नाही.”

पैसे मी भरले. त्याचं काही वाटलं नाही. ते वाक्य मात्र अजून जिव्हारी आहे, कारण ते सरळसरळ चूक आहे. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच सूत्र आहे: पुस्तकं उपयोगासाठी आहेत. ते समजावताना ते युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांचा दाखला देतात, जिथं पुस्तकं साखळीनं बांधून ठेवत. आपल्याकडे हे काम दाखल रजिस्टर करतं, म्हणजे शाळेत आलेल्या पुस्तकांची नोंदवही. पुस्तकाला दाखल क्रमांक पडला की ते बाकासारखी, घंटेसारखी शाळेची मालमत्ता होतं. चार्ज देता-घेताना एक पुस्तक कमी भरलं तर जबाबदारी चार्जवाल्याची. मग तो कुलूप लावतो. त्याला तरी का दोष द्यायचा? अध्यापनाचे तास भरलेले, वर पेपर तपासणी. जीर्ण पुस्तकं रीतसर निर्लेखित करता येतात, म्हणजे नोंदीतून काढता येतात, पण ती फाईल हलवायला कुणाला वेळ नसतो.

राहिला मोबाईल. काय शोधायचं हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या तो कामाचा. या मुलाला रोगाचं नावही माहीत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटत होती. पुढे तो पशुपालनाच्या कपाटावरून ५९० कडे, म्हणजे प्राण्यांच्या पुस्तकांकडे सरकला आणि माझ्या मते वाचायला तिथंच शिकला.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते आठवीच्या प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं असं आहे. वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं, गोष्टीचीसुद्धा. पुस्तकं द्यायला माणूस हवाच, असं मात्र तिथं नाही. आपल्या अनुदानित माध्यमिक शाळांत ग्रंथपालाचं पद पटसंख्येवर ठरतं. खेड्यातल्या बहुतेक शाळा तिथंच बाद होतात. आणि ग्रंथपाल असला तरी दिवाळीनंतर वाचनाची तासिका गणिताला जाते. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, फोटो निघतात, १६ तारखेला कपाटं पुन्हा बंद. मला याची चीड आहे.

शाळेला कोणती पुस्तकं भेट द्यावीत, असंही तुम्ही विचारलंय. त्या मुलांशी बोलल्याशिवाय यादी देणार नाही. गाईडं आणि घरातली रद्दी तेवढी देऊ नका. त्यापेक्षा पालक सभेत देवघेव रजिस्टर, म्हणजे कुणी कोणतं पुस्तक नेलं त्याची वही, दाखवा म्हणा. दाखल रजिस्टर पुढे करतील, ते बघू नका. आणि पुस्तक भिजलं, फाटलं, हरवलं तर शिक्षकाकडून किंवा मुलाकडून वसुली होणार नाही, असा ठराव शाळेकडून लेखी घ्या. आमच्या पर्यवेक्षकांसारखे कुणी उभे राहून विरोध करतील, तेव्हा त्यांना विचारा, तुमच्या शाळेतली किती पुस्तकं वाचून फाटली?

एक मात्र कबूल करायला हवं. ग्रंथपालाचं पद नसताना ग्रंथालय उत्तम चालवणारे शिक्षक मी पाहिलेत. तुमच्या शाळेत तसे कुणी असतील तर त्यांचे आठवड्याचे दोन-तीन तास कमी करून द्या, एवढी मागणी आधी करा.