येऊरचा चढ आणि तुंबलेली टी सेल

प्रश्न : आम्ही चार-पाच जण दर रविवारी उपवनहून येऊरच्या चढावर पळायला जातो. ग्रुपमधला एकजण सारखा म्हणतो की पळून पळून अंगात लॅक्टिक ॲसिड साठतं आणि इम्युनिटी मरते, कॅन्सरमध्येही हेच होतं म्हणे. खरंय का?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : मित्राने वाचलंय ते चुकीचं नाही, पण ट्युमरची, म्हणजे कॅन्सरच्या गाठीची, गोष्ट त्याने उचलून तुमच्या पायांना लावलीय.

आधी टी सेल, म्हणजे आजाराशी लढणारी एक पांढरी पेशी. निवांत असते तोवर थोडक्या ग्लुकोजवर सावकाश भागवते. शत्रू दिसला की मात्र ऑक्सिजन असतानाही भराभर ग्लुकोज फोडत सुटते, कारण नुसती एनर्जी नको असते, एकीच्या हजारो व्हायच्या असतात आणि त्याला कच्चा माल लागतो. या धांदलीत तिच्या आत लॅक्टेट (तुमचा मित्र ज्याला लॅक्टिक ॲसिड म्हणतो तेच) बनतं, ते बाहेर टाकावंच लागतं. आता ट्युमरच्या पेशीही असंच करतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्गने १९२०च्या दशकातच दाखवलं होतं, म्हणजे तिथे आजूबाजूला आधीच लॅक्टेट साचलेलं. मग आतलं बाहेर जाणार कुठे? भरतीच्या वेळी जोरदार पाऊस आला की नाल्याचं पाणी खाडीत जात नाही, उलटं आपल्याच रस्त्यावर येतं, तसंच. ग्लुकोज फोडणं मंदावतं आणि त्याच कामातलं जीएपीडीएच नावाचं एन्झाइम रिकामं होतं. रिकामं बसतं कुठे, तर इंटरफेरॉन गॅमा या लढाऊ प्रोटीनच्या आरएनएवर (ते बनवायच्या कृतीच्या चिठ्ठीवर) जाऊन, मग टी सेलचं ते हत्यार पुरेसं बनतच नाही! (उंदरांच्या टी सेलवर २०१३ साली दिसलं हे, मला भारी आवडतं.) वर बाकीच्यांना आवरणाऱ्या रेग्युलेटरी टी सेल, ज्यांच्या शोधाला २०२५चं नोबेल मिळालं, त्या हेच लॅक्टेट खाऊन तिथे तग धरतात.

आपल्या खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र) जिच्यावर काम झालं ती देशी कार-टी थेरपी, म्हणजे पेशंटच्याच टी सेल बदलून कॅन्सरवर सोडायचा उपचार, २०२३मध्ये मंजूर झालेली, रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. घट्ट गाठींमध्ये असले उपचार अडखळतात त्याच्या कारणांत लॅक्टेटचं हे तुंबणंही येतं.

तुमच्या पायातलं लॅक्टेट? हृदय, लिव्हर आणि स्नायू स्वतः ते साधारण तासाभरात वापरून टाकतात, खाली उतरून चहा-पोहे होईतो बरंचसं संपलेलं असतं. ट्युमरमध्ये ते दिवसरात्र साचून राहतं. सोमवारी पाय दुखतात तेही लॅक्टेटमुळे नव्हे, स्नायूंना झालेल्या बारीक इजांमुळे, हेही सांगा त्याला. फक्त ताप असेल त्या रविवारी पळू नका.