फिल्मच्या पुढं

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

नेट निघाली, आता पीएच.डी. सेमीकंडक्टरमध्येच करायची म्हणतेस. कोल्हापुरात राहावं की आयआयटी गाठावी, एवढंच तू विचारलंस. मी गावाआधी प्रश्न कुठला घेणार ते विचारीन.

इथं शिवाजी विद्यापीठात थिन फिल्मचं, म्हणजे काचेवर चढवलेल्या अतिपातळ थराचं काम जुनं. केमिकल बाथला, म्हणजे द्रावणात काच बुडवून थर चढवण्याला, व्हॅक्यूम लागत नाही, खर्च कमी. कॅडमियमचं लवण, अमोनिया, थायोयुरिया, 70-80 अंशांचं वॉटर बाथ, आत काचपट्टी. थोड्या वेळात पिवळी सीडीएस (कॅडमियम सल्फाइड) फिल्म. ही सोयच पुष्कळदा घात करते, आणि ते फक्त आपल्याकडेच नाही. स्फटिकरचना दाखवणारा एक्सआरडी काढला, सेमचे (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे) फोटो आले, प्रकाश किती शोषला जातो त्याच्या आलेखावरून, म्हणजे टॉक प्लॉटवरून, 2.4 इलेक्ट्रॉन व्होल्टचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) निघाला, की पेपर तयार. पुढच्या पेपरला नवं मटेरियल. असल्या लांबलचक याद्या बघून दबून जाऊ नकोस. फिल्ममधून करंट सोडल्यावर काय होतं, हे विचारलंस की डिव्हाइस फिजिक्स सुरू.

समज, तारा जोडायला सिल्व्हर पेस्ट लावून आय-व्ही, म्हणजे करंट-व्होल्टेजचा आलेख घेतलास आणि रेष वाकडी आली. दोष फिल्मचा की कॉन्टॅक्टचा, म्हणजे तार जिथं फिल्मला जोडली त्या जागेचा? इंडियमचे कॉन्टॅक्ट देऊन पुन्हा घे. सरळ झाली तर पेस्टनं फसवलं होतं. मोजताना अंधार कर, सीडीएसला उजेड लगेच कळतो. आणि आपला जुलै! दमट हवेत काचेवरच ओलावा धरतो, त्यातून गळणारा करंट फिल्मच्या नावावर खपतो. वहीत आर्द्रता रोज लिही.

एकाच मटेरियलला चिकटून राहिल्यानं काय होतं, ते निळ्या एलईडीच्या गॅलियम नायट्राइडमध्ये दिसतं. एन-टाइप (इलेक्ट्रॉन करंट वाहतात ते) सहज होई, पी-टाइप (होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, करंट वाहतात ते) काही केल्या होईना. मॅग्नेशियम घालूनही होल मिळत नव्हते. 1989 मध्ये जपानच्या आकासाकी आणि आमानो यांनी इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून पी-टाइप मिळवलं. पुढं नाकामुरांनी नुसतं नायट्रोजनमध्ये तापवून तेच साधलं, आणि कारणही हाती लागलं: स्फटिक वाढवतानाचा हायड्रोजन मॅग्नेशियमला धरून बसत होता. तापवल्यावर तो सुटला. निळ्या एलईडीसाठी 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. यातले नाकामुरा जपानमधल्या तोकुशिमासारख्या आडबाजूच्या भागात, फॉस्फर (चमकणारी रसायनं) बनवणाऱ्या कंपनीत होते आणि स्फटिक वाढवायचा रिॲक्टर स्वतःच बदलून घेत होते. हे मुद्दाम सांगतोय, कारण गाव लहान म्हणून तू आधीच खट्टू झालीयस.

शिवाय कोल्हापुरातलं उद्यमनगर, आपली कारखान्यांची वस्ती, तुझ्या हाताशी आहे. मोजणीसाठी लागणारे प्रोब होल्डर, फ्लँज लेथवर करून मिळतात, फक्त ड्रॉइंगवर मापं आणि टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) नीट दे. ‘अंदाजे एवढं’ म्हणालीस तर अंदाजेच मिळेल.

लिथोग्राफी (चिपवर बारीक नक्षी उमटवणं), क्लीनरूम (धूळमुक्त खोली) इथं मिळणं अवघड, ते खरंच. त्यासाठी आयआयटी मुंबई, बंगळूरच्या आयआयएससीच्या सोयी बाहेरच्या संशोधकांना खुल्या करणारा इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्रॅम 2008 पासून निघालाय. सध्याच्या अटी त्यांच्याकडूनच बघ. नुसतं ‘क्लीनरूम वापरायची आहे’ असं लिहू नकोस. कुठला डायोड, कुठला कॉन्टॅक्ट, इथं काय मोजून झालंय, ते सांग.

गाइड ठरवण्याआधी त्यांच्या सीनिअर मुलांना एकट्यात गाठ. बिघडलेलं सँपल दाखवलं तर सर काय म्हणतात, एवढं विचार.

अर्जाचा मसुदा झाला की पाठव. मोजणीचा तक्ता सोबत जोड, वाकड्या आलेल्या रेषांसकट.

तुझे,
सर