जुन्या विटांच्या भिंतीतून केबलच्या क्लिपा सुटून येतात, वीट भुसभुशीत आहे. परत पक्क्या कशा बसवायच्या?

तुम्ही लिहिलंय की इंटरनेटची केबल गच्चीवरून भिंतीने खाली आणली आहे, भिंत जुनी विटांची आहे आणि निघालेली क्लिप परत त्याच भोकात ठोकली की दोन दिवसांत हातात येते. आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. घर सातारा जिल्ह्यातलं, खाली दगड, वरचा मजला विटांचा, दरजा (विटांमधले सांधे) चुन्याच्या. केबल टाकून गेलेल्या पोराने सटासट खिळे मारले आणि पहिल्याच पावसाळ्यात निम्मी केबल कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबायला लागली.

पहिली गोष्ट, त्याच भोकात जाडा खिळा ठोकू नका. सगळे तेच करतात, मीही केलं. क्लिपचा खिळा टिकतो तो भोवतालची वीट त्याला आवळून धरते म्हणून. नीट भाजलेली वीट आवळते, कमी भाजलेलीची पूड होते. मग खिळा त्या पुडीतच उभा राहतो. जाडा खिळा म्हणजे जास्त पूड, एवढाच फरक.

वीट किती मऊ आहे ते नखाने ओरखडून बघा. चांगल्या विटेवर ओरखडा उमटत नाही. मऊ वीट पाणीही फार पिते. भारतीय मानक १०७७ प्रमाणे साध्या विटेने २४ तास पाण्यात ठेवल्यावर आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी शोषायचं नसतं. जुन्या कच्च्या विटा हा नियम कुठला पाळतात! ओल्या विटेत लोखंडी खिळा गंजतो, गंज फुगतो आणि कधी कधी विटेचा टवकाच उडवतो.

मी आधी एम-सीलची गोळी भोकात कोंबून त्यात खिळा बसवला होता. गोळी सुरेख कडक झाली आणि आठवड्याने खिळ्यासकट अख्खी बाहेर आली, पाठीला लाल पूड घेऊन. ती विटेला चिकटलीच नव्हती, पुडीला चिकटली होती.

आता जे टिकलं ते सांगतो. खिळ्याची क्लिप सोडून द्या, सॅडल घ्या, म्हणजे केबलवरून जाणारी, स्क्रूने बसणारी कमानदार पट्टी. जुन्या भोकापासून दोन-तीन इंच सरकून नवं भोक पाडा, शक्यतो विटेच्या मध्यावर. कडेला वीट फुटते. दरजा सिमेंटच्या आणि कडक असतील तर दरजेत पाडलं तरी चालेल, पण चुन्या-मातीच्या जुन्या दरजेवर भरवसा ठेवू नका. ड्रिलचा हॅमर (फिरता फिरता ठोके मारायची सोय) बंद ठेवा, मऊ विटेला नुसतं फिरणारं बिट पुरतं. मी तो चालू ठेवला आणि तळहाताएवढा टवका खाली आला. आईने तो उचलून माझ्या हातात दिला, बोलली काही नाही.

भोकात आधी प्लॅस्टिकचा प्लग (स्क्रूला धरणारी नळी) जातो, त्यात स्क्रू. ६ मिमीच्या प्लगला मी ५.५ मिमीचं बिट वापरतो, म्हणजे प्लग जरा ठोकूनच आत जातो. खोली मोजताना गिलावा धरू नका. गिलावा अर्धा-पाऊण इंच असतो आणि तो काही धरून ठेवत नाही. प्लग त्याच्या पलीकडे विटेत गेला पाहिजे. बिटला तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली की अंदाज चुकत नाही. भोकातली पूड सायकलच्या पंपाने उडवा. (तोंडाने फुंकलीत तर डोळे मिटून.) पावसात येणाऱ्या जागी स्क्रू स्टेनलेस स्टीलचा घ्या आणि प्लग धरला की थांबा. जास्त आवळलात तर तो भोकातच गरगर फिरतो.

जुन्याच भोकाच्या जागी बसवायचं असेल तर आमच्या पेठेतल्या वायरमन काकांची पद्धत बघा. प्लॅस्टिकचे प्लग येण्याआधी बॅटन पट्टीचं (लाकडी पट्टीवरून नेलेलं) सगळं वायरिंग भिंतीत बसवलेल्या लाकडी गुट्ट्यांवर, म्हणजे छोट्या ठोकळ्यांवर, उभं असायचं. सागाची गुट्टी तासताना मागचं तोंड रुंद आणि पुढचं अरुंद ठेवायचे. छिन्नीने भोक मोठं करून ती बांधकामाच्या मसाल्यात बसवली की पुढे ओढून निघतच नाही. मसाला भरायच्या आधी भोक नीट भिजवा, नाहीतर कोरडी वीट त्यातलं पाणी ओढून घेते आणि मसाल्याची माती होते. दोन-तीन दिवस पाणी मारा, मगच स्क्रू पिळा.

पण खरं विचाराल तर मी क्लिपा लावणारच नाही. वीस फूट उतरणाऱ्या केबलला फुटाफुटावर क्लिप म्हणजे मऊ भिंतीत वीस भोकं. त्याऐवजी २० मिमीचा पीव्हीसी पाइप अडीच-अडीच फुटांवर सॅडलने बसवा, आठ-नऊ जागांत काम होतं आणि केबल उन्हापासूनही वाचते. पाइपचं वरचं टोक बेंड लावून खाली वळवा, खालचं उघडं ठेवा. केबल खिडकीतून आत घेण्याआधी तिला थोडा झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, आत येत नाही.

केबल विजेची असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय तिच्या क्लिपला हात लावू नका. जुन्या वायरीचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं, खिळा उपटतानाच ते उघडं पडतं. भिंतीच्या आतल्या बाजूला जिथे स्विचबोर्ड असेल त्याच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका.

भिंतीच्या तळाशी लोणा लागून पांढरी पूड झडत असेल तर त्या भागात काहीच ठोकू नका, केबल वरूनच वळवा. आणि भिंत विटेची नसून पांढऱ्या मातीची निघाली, तर प्लग-गुट्टी दोन्ही विसरा. तिथे पाइप तुळईला किंवा दाराखिडकीच्या चौकटीला बांधायचा.

राहिलेली जुनी भोकं चुना-वाळूने बुजवा. सिमेंटचा ठिगळ मऊ विटेपेक्षा कडक होतो. पुढे भोवतीची वीट झडते आणि ठिगळ तेवढा पुढे आलेला दिसतो. आमच्या मागच्या भिंतीवर असे चार आहेत, माझ्याच हातचे.