रस्ता रुंद झाला, तरी एसटी अडकतेच

प्रश्न : आमच्या बाजारपेठेतला रस्ता दोन वर्षांपूर्वी रुंद झाला. आता नऊ मीटर डांबर आहे, तरी संध्याकाळी एसटी अडकतेच. नगरपालिका आता ‘नो पार्किंग’चे बोर्ड लावणार म्हणते. मग आमच्या कापडदुकानात गिऱ्हाईक यायचं कसं?
— एक दुकानदार, जि. सांगली

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. रस्त्यांच्या आखणीत माझी तेवीस वर्षं गेली, पण बाजारपेठेत सरसकट ‘नो पार्किंग’ टिकलेलं मी पाहिलं नाही. आठ दिवस दंड होतो, नवव्या दिवशी बोर्डाखालीच गाड्या लागतात.

आधी तुमच्या नऊ मीटरचा हिशेब मांडू. कडेला उभी मोटार पावणेदोन मीटर अडवते. तिचं दार कधी उघडेल याचा नेम नसतो, म्हणून दुचाकीवाला तिच्यापासून दीड-दोन हात लांबून जातो. एका बाजूचे अडीच मीटर गेले. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की उरले चार. एसटीच अडीच मीटर रुंद. समोरून दुसरी आली की संपलं. वाढवलेली जागा उभ्या गाड्यांनी खाल्ली आहे.

त्यातही सगळ्यात जास्त खोळंबा करते ती जागा न मिळालेली मोटार. ती दुकानं बघत रेंगाळते आणि शेवटी ‘पाचच मिनिटं’ म्हणत दुसऱ्या रांगेत थांबते.

मग कडेची जागा धरून कोण बसतं? एका तालुक्याच्या गावी मी दिवसभर पानपट्टीच्या फळीवर वही घेऊन बसलो होतो. दर अर्ध्या तासाने उभ्या गाड्यांचे शेवटचे चार आकडे टिपायचे, एवढंच काम. सकाळी शटर उघडताना लागलेल्या कितीतरी गाड्या रात्री शटर पडेपर्यंत तिथेच होत्या. त्या दुकानमालकांच्या आणि कामगारांच्या. एक मालक माझ्याशी पार्किंगवरून तावातावाने भांडले, आणि त्यांचीच मोटार त्यांच्या पायरीसमोर सकाळपासून उभी होती.

तुम्हाला लागेल असं बोलतो, पण गिऱ्हाइकाची वाट तिथे अडते. एक मोटार दहा तास उभी राहिली तर त्या जागेवर एकच माणूस आला. अर्ध्या अर्ध्या तासाने गाड्या बदलल्या तर वीस येतात. अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी यासाठी सोपं माप दिलं : कडेच्या साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या असाव्यात. सात जागांत एखादी रिकामी दिसली की कुणी दुसऱ्या रांगेत थांबत नाही.

म्हणून मालक-कामगारांच्या गाड्या आधी मागच्या गल्लीत किंवा बाजाराच्या मैदानावर न्या. गिऱ्हाइकांचं पार्किंग एकाच बाजूला, अर्ध्या-पाऊण तासाच्या मुदतीने ठेवा. पुण्यातल्यासारखं सम-विषम तारखेचं पी-१, पी-२ केलं, म्हणजे सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावल्या, तर एक बाजू मोकळी होते, पण दिवसभर उभी राहणारी गाडी त्याने हलत नाही. मालाचे टेम्पो सकाळी दहाच्या आत रिकामे व्हावेत.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ प्रमाणे पार्किंगच्या जागा ठरवताना स्थानिक संस्थेचा सल्ला घ्यावा लागतो. तेव्हा बोर्ड लागण्याआधीच व्यापाऱ्यांनी ठराव करून नगरपालिकेला द्यावा, सोबत मोजणी जोडावी. मोजायला आठवडी बाजाराचा एक दिवस घ्या आणि एक साधा. वहीची झेरॉक्स मलाही पाठवा, मी बसून आराखडा काढून देईन.