ग्रंथालयशास्त्रातली मार्क, आरडीए, डीडीसी, ओपॅक ही लघुरूपं लक्षात कशी ठेवायची?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात बी.लिब.ला प्रवेश घेतला, महिन्याभरात वहीत चाळीसेक लघुरूपं जमली, आणि पाठ केली तरी आठवडाभरात विसरायला होतात. होणारच. पूर्ण रूपं परीक्षेपुरती घोका, पण समजायला त्यांचा काडीचा उपयोग नाही. 'हे कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे?' एवढंच प्रत्येकाला विचारा.

मी इथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात तालिकीकरण करते, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी तयार करते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं, "सर, सॉफ्टवेअरमध्ये आरडीए कुठल्या मेनूत आहे?" सर हसले नाहीत, त्यांनी चहा मागवला. तेव्हाच ओळखायला हवं होतं की प्रकरण लांबणार आहे.

आरडीए कुठल्याच मेनूत नसतं. ते नियम आहेत, काय लिहायचं ते सांगणारे. मार्क म्हणजे ते लिहायचे कप्पे. निम्मा गोंधळ या दोघांच्या सरमिसळीचा असतो.

कुसुमाग्रजांचा एक कवितासंग्रह आणि वि. वा. शिरवाडकरांचं एक नाटक टेबलावर ठेवा. माणूस एकच, मग लेखक म्हणून कोणतं नाव द्यायचं? हा नियमांचा प्रश्न. आधीचं एएसीआर२ (१९७८) आणि त्याच्या जागी आलेलं आरडीए (२०१०) दोन्ही सांगतात की एकाच माणसानं वेगळ्या प्रकारचं लेखन वेगळ्या नावांनी केलं असेल, तर दोन्ही नावं स्वतंत्र ठेवा आणि 'हेही पाहा' म्हणून एकमेकांना जोडा. निर्णय झाला की मार्क उघडायचं. त्यातल्या कप्प्यांना क्रमांक असतात: लेखक १०० मध्ये, शीर्षक २४५ मध्ये, प्रकाशनाचा तपशील २६४ मध्ये (जुन्या नोंदींत २६० दिसेल). हे आकडे आठवड्यात बोटांवर बसतात. मार्क १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्हराम यांनी घडवलं. त्या मूळच्या प्रोग्रामर, म्हणून सगळं असं यंत्राच्या सोयीचं.

पुस्तक कपाटात कुठे बसणार, ते डीडीसी सांगतं. मराठी साहित्य ८९१.४६, त्यात कविता ८९१.४६१ आणि नाटक ८९१.४६२. म्हणजे कपाटातही कुसुमाग्रज आणि शिरवाडकर शेजारी येत नाहीत!

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, सोपा आहे, मार्कच्या ०२० मध्ये जातो. २००७ पासून तो १३ अंकी झाला. भारतीय पुस्तकांवर ९७८-८१ किंवा ९७८-९३ अशी सुरुवात दिसते. जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच, तेव्हा कप्पा रिकामा सोडा. तिथे दाखल क्रमांक (ग्रंथालय आपल्या प्रतीला देतं तो) ठोकून दिलेल्या नोंदी मी पुष्कळ निस्तरल्या आहेत. आयएसएसएन नियतकालिकांचा, ८ अंकी. एफआरबीआर, म्हणजे आरडीएच्या मागची संकल्पनांची चौकट, सध्या बाजूला ठेवलंत तरी चालेल.

झेड३९.५० मात्र नीट समजून घ्या, तो ग्रंथालयांच्या संगणकांनी एकमेकांशी बोलायचा प्रोटोकॉल आहे. त्यातून दुसऱ्या ग्रंथालयातली तयार नोंद आपल्याकडे ओढता येते. पण मराठी पुस्तकाच्या परदेशातून आलेल्या नोंदीत शीर्षक बऱ्याचदा रोमन लिपीत असतं. ती तशीच साठवली, की ओपॅकवर, म्हणजे वाचकाच्या शोधपडद्यावर, देवनागरीत शोधणाऱ्याला पुस्तक 'नाही' असं दिसतं, आणि ते त्याच्या मागच्याच कपाटात असतं. देवनागरी शीर्षक हातानं टाकावं लागतं, थेट २४५ मध्ये किंवा जोड म्हणून ८८० मध्ये. कोणती पद्धत, ते तुमच्या ग्रंथपालांना विचारा.