क्रिस्टलमध्ये चिकटलेत, मग पेशीतही जोडी असेलच का?

प्रश्न: सर, मी एमएस्सी बायोटेकला आहे. प्रोजेक्टसाठी पीडीबी या प्रोटीन स्ट्रक्चर्सच्या सार्वजनिक डेटाबेसमधून एक क्रिस्टल स्ट्रक्चर घेतलं, त्यात एकाच डोमेनच्या (प्रोटीनच्या एका स्वतंत्र भागाच्या) दोन कॉप्या एकमेकींना चिकटलेल्या दिसतायत. गाईड म्हणतात, डायमर, म्हणजे पेशीतही खरी जोडी, आहे असं लगेच लिहू नकोस. मग स्ट्रक्चर बघून कळणार तरी काय?

उत्तर: गाईडचं बरोबर आहे. क्रिस्टलमध्ये प्रत्येक रेणू शेजाऱ्यांना टेकलेलाच असतो, नाहीतर क्रिस्टल उभाच राहणार नाही, त्यामुळे नुसतं टेकलेत हा काही पुरावा झाला नाही. शिवाय फाइल उघडल्यावर दिसतं ते बहुतेक वेळा असिमेट्रिक युनिट, म्हणजे सिमेट्री लावली की ज्याच्यापासून अख्खा क्रिस्टल तयार होतो तो सगळ्यात छोटा तुकडा, आणि तुमच्या डोमेनचा खरा जोडीदार त्या तुकड्याच्या बाहेरही असू शकतो.

ईजीएफआर या पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरचंच बघा ना. त्याच्या कायनेज डोमेनचं, म्हणजे फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइम भागाचं, स्ट्रक्चर २००२ मध्ये आलं, फाइलमध्ये कॉपी एकच. पुढे २००६ मध्ये जॉन कुरियन यांच्या ग्रुपने क्रिस्टलमधले शेजारी नीट तपासले, तर एका डोमेनचा सी-लोब दुसऱ्याच्या एन-लोबला भिडलेला (हे कायनेजचे दोन अर्धे भाग), सायक्लिन हे प्रोटीन सीडीके२ या दुसऱ्या कायनेजला चिकटून त्याला चालू करतं साधारण तसंच, म्हणजे एक चालू करणारा आणि दुसरा चालू होणारा. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सी-लोबवरचं ९२४ नंबरचं अमिनो आम्ल व्हॅलीन बदलून तिथे आर्जिनिन घातलं तर रिसेप्टर बंद, एन-लोबवरचं ६८२ नंबरचं आयसोल्युसीन बदलून ग्लुटामीन घातलं तरी बंद, आणि हे दोन्ही म्युटंट (बदललेले रिसेप्टर) एकाच पेशीत एकत्र टाकले की काम परत सुरू! कारण एकाची चालू करणारी बाजू शाबूत होती, दुसऱ्याची चालू होणारी. इतका सुंदर पुरावा क्वचितच मिळतो.

तुमच्या बाबतीत आधी इंटरफेसचं, म्हणजे दोन कॉप्या जिथे भिडतात त्या पृष्ठभागाचं, क्षेत्रफळ काढा, त्यासाठी पिसा हे ऑनलाइन साधन आहे. प्रोटीन-प्रोटीन जोड्यांमध्ये दोन्ही बाजू मिळून साधारण १२०० ते २००० चौरस अँगस्ट्रॉम झाकलं जातं, नुसते क्रिस्टलचे कॉन्टॅक्ट बहुतेक याहून बरेच लहान असतात, पण मोठेही सापडतात म्हणून एकट्या आकड्यावर विसंबू नका. तिथले अमिनो आम्ल इतर प्रजातींमध्ये टिकून आहेत का तेही पहा. माझा सगळ्यात जास्त भरवसा मात्र एकाच गोष्टीवर, तोच डोमेन किंवा त्याच्या कुटुंबातला दुसरा एखादा, वेगळ्या स्पेस ग्रुपच्या (म्हणजे वेगळ्या सिमेट्रीने रचलेल्या) क्रिस्टलमध्येही त्याच जागी जोडी करतो का. पॅकिंग पूर्ण बदललं आणि जोडी तीच राहिली, तर ती योगायोगाने आली असं म्हणणं अवघड जातं.

म्हणून आज पायमॉल या स्ट्रक्चर बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये ५ अँगस्ट्रॉमच्या आतले सगळे सिमेट्री मेट, म्हणजे सिमेट्री लावून मिळणारे शेजारी, दाखवा आणि प्रत्येक कॉन्टॅक्ट तपासा, फाइलमध्ये दिसतोय तेवढाच नाही. त्यातला जो टिकेल त्याच्या मधोमधचं एक अमिनो आम्ल निवडून म्युटेशन सुचवा, मग प्रोजेक्टमध्ये डायमरबद्दल लिहायला गाईडही नाही म्हणणार नाहीत.